जिस्ट कार्ड ते कंटेनर : मराठी अक्षर संगणकात बसवण्याची कहाणी

पुण्यात सी-डॅक ही संस्था मार्च १९८८मध्ये सुरू झाली ती महासंगणक बांधण्यासाठी. अमेरिका तसला संगणक द्यायला आढेवेढे घेत होती, तेव्हा तो आपणच बांधू, असा हा निर्धार होता. तीन वर्षांनी, १९९१मध्ये, ‘परम ८०००’ उभा राहिला आणि डॉ. विजय भटकरांचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ झाले. गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातल्या याच संस्थेत आणखी एक काम चालले होते. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण मराठी माणसाच्या टेबलावरचा संगणक बदलला तो त्या कामाने. त्याचे नाव ‘जिस्ट’.

जिस्टचे मूळ आयआयटी कानपूरमध्ये. १९८०च्या दशकात तिथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी देवनागरी संगणकाचे प्रयोग करत होते. त्यांच्यातलेच एक मोहन तांबे. सी-डॅक सुरू झाल्यावर तांबे आणि त्यांच्याबरोबर हे तंत्रज्ञान पुण्याला आले. तेव्हाचे संगणक डॉसवर चालत. पडद्यावर अक्षर उमटवायचे काम यंत्राच्या पोटातल्या सर्किटकडे असे, आणि त्या सर्किटला रोमन अक्षरांपलीकडे काही येत नसे. मग लिपी शिकवायची कुणाला? प्रत्येक प्रोग्रॅमला शिकवणे अशक्य होते. जिस्टने यंत्रालाच शिकवले. मदरबोर्डवरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवायचे. कळफलकावरून आलेली कळ ते मराठी संकेतात बदली आणि पडद्याकडे जाणाऱ्या संकेतांतून जोडाक्षरे, वेलांट्या, रफार जुळवून दाखवी. वर्डस्टार, डीबेस यांसारखे मजकुरावर चालणारे प्रोग्रॅम एका अक्षरानेही न बदलता मराठीत चालू लागले. आपल्या पोटात देवनागरी चालली आहे, याचा त्या प्रोग्रॅमना पत्ताही नसे. मला ही कल्पना आजही फार मोठी वाटते.

या कामाच्या आगेमागे दोन मानके पक्की झाली आणि ती कार्डाहून कितीतरी अधिक टिकली. एक, इन्स्क्रिप्ट हा कळफलक, ज्यात सगळ्या भारतीय लिपींसाठी एकाच वर्णाची एकच कळ असते. दुसरे, इस्की ही संकेतप्रणाली, जिला १९९१मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्यता मिळाली. पुढे जगभराच्या लिप्या एका तक्त्यात बसवणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्याच १९८८च्या रूपावरून. आज आपण मोबाइलवर ‘क’ लिहितो तेव्हा त्याच्या मागचा क्रमांक त्या मांडणीचाच वारसा सांगतो.

पण कार्ड म्हणजे वस्तू होती. ती पुण्यातून निघून गडचिरोलीच्या किंवा सोलापूरच्या कचेरीत पोचायची, कुणीतरी तिथे जायचे, संगणकाचा पत्रा उघडायचा, कार्ड बसवायचे, डॉसच्या फायलींत दोन ओळी घालायच्या आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. शंभर कचेऱ्यांत मराठी हवी असेल तर हे शंभर वेळा करायचे. मराठी संगणकात ‘बसवावी’ लागे ती अक्षरशः अशी, आणि बसवणारा माणूस निघून गेला की पुढच्या बिघाडाला त्याचीच वाट पाहावी लागे.

विंडोज आल्यावर कार्डाची गरज संपली, कारण अक्षर आता फॉन्टच्या फाइलमधून येऊ लागले. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुण्याच्या पेठांतल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत मराठी मजकुराची मोठी उलाढाल सुरू झाली. सी-डॅकने इस्फॉक फॉन्ट, आयएसएम आणि लीप ऑफिस आणले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ छपाईच्या जगात घरोघरी पोचले. बंगळूरुहून ‘आकृती’ आले. अक्षरे सुंदर झाली, वळणे शेकड्यांनी मिळू लागली. मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या फॉन्टमध्ये अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या जागी ‘ळ’ होता त्या जागी दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये एखादी अर्धी मात्रा असे. सदाशिव पेठेत जुळवलेले पुस्तक नारायण पेठेत उघडले की पानभर चिन्हांचा चिखल दिसे. म्हणून मजकुराबरोबर फॉन्टही पाठवायचा, फॉन्टबरोबर सॉफ्टवेअर लागायचे, आणि अशा सॉफ्टवेअरबरोबर बहुधा एक हार्डवेअर लॉक असे, जे संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय काही चालत नसे.

२००० साली विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला, तरी घोळ लगेच मिटला नाही. विंडोज एक्सपीत भारतीय लिप्या आधीपासून चालू नसत. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकटीवर खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी कचेरीत कुणाकडे आहे हे बहुधा कुणालाच माहीत नसे. केंद्र सरकारनेही सीडीचाच मार्ग धरला: एप्रिल २००५मध्ये तमिळ आणि जूनमध्ये हिंदी साधनांच्या मोफत सीडी प्रकाशित झाल्या, नंतर मराठीसह इतर भाषांच्या आल्या. फॉन्ट, कळफलक, शब्दसंस्कारक, ब्राउझर असे बरेच काही त्यांत होते. हेतू उत्तम होता. पण सीडी एकदा छापली की गोठते. तिच्यातली चूक दुरुस्त झाली तरी आधी वाटलेल्या सीड्यांपर्यंत ती दुरुस्ती पोचत नाही.

या सगळ्या काळात मराठी संगणकात आणण्याचे ज्ञान माणसांच्या डोक्यात साठलेले होते. कुठला फॉन्ट कुठल्या आवृत्तीबरोबर चालतो, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची, कुठली खूण काढायची, हे अनुभवी माणसाला माहीत असे आणि तो ते तोंडी सांगे. ते लिहून काढलेले नव्हते. निदान यंत्राला वाचता येईल अशा रूपात तर नव्हतेच. पुढच्या पंधरा वर्षांत पुण्यात जे घडले ते या ज्ञानाला लेखी रूप देण्याचे काम होते, असे मला वाटते.

त्याची सुरुवात लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या बाजूने झाली. तिथे सॉफ्टवेअर वाटण्याची रीतच निराळी होती. १९९०च्या दशकाच्या मध्यात डेबियन या प्रकल्पाने डीपीकेजी आणि रेड हॅट या कंपनीने आरपीएम ही साधने घडवली. आरपीएममध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक ‘स्पेक फाइल’ लिहायची. नाव काय, आवृत्ती कोणती, परवाना कोणता, ते तयार करायला आधी काय काय लागते, तयार करण्याच्या आज्ञा कोणत्या, तयार झालेल्या फायली कुठे ठेवायच्या, आणि शेवटी कुणी कधी काय बदलले याची नोंद. ही फाइल यंत्राला दिली की पॅकेज तयार होते, आणि ते पॅकेज ते लिनक्स असलेल्या कुठल्याही संगणकावर एका आज्ञेत बसते. त्याला आणखी कशाची गरज असेल तर पुढे तेही आपोआप येऊ लागले. या फायलींच्या शेवटचा तो ‘चेंजलॉग’ इतिहास लिहिणाऱ्याला मोठा आधार आहे: तारीख, नाव आणि कारण, ओळीमागून ओळ. आपल्याकडे एवढी शिस्तीची दप्तरे फार कमी कामांची सापडतात.

२००० नंतरच्या दशकात पुण्यात लिनक्सभोवती माणसे जमू लागली होती. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठका मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेत भरत, आणि त्याच संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा वार्षिक मेळावा होई. विद्यार्थी, नोकरदार, शिक्षक यायचे. सीड्या एकमेकांना कॉपी करून द्यायचे. एखाद्याच्या लॅपटॉपवर मराठी का दिसत नाही याचा उलगडा घोळक्याने करायचे. रेड हॅटनेही पुण्यात आपले अभियांत्रिकी केंद्र थाटले. आधी कल्याणीनगर, मग हडपसरची मगरपट्टा सिटी. तिथे जगातल्या अनेक भाषांसाठी, त्यातही भारतीय भाषांसाठी, काम करणारा एक गट उभा राहिला.

त्या गटाच्या हाती ‘लोहित’ आले. मोफत आणि मुक्त लिनक्समध्ये भारतीय भाषांचे चांगले फॉन्ट नव्हते. चांगले फॉन्ट होते ते विकाऊ. २००४च्या सुमारास रेड हॅटने मॉड्युलर इन्फोटेककडून काही भारतीय लिपींचे फॉन्ट घेतले आणि ‘लोहित’ या नावाने जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुले केले. ज्या पुण्याच्या कंपनीचे फॉन्ट लॉक लावून विकले जात होते, तिच्याच घडवलेल्या अक्षरांची एक माळ आता कुणीही उतरवून घ्यावी, बदलावी, वाटावी, अशी मोकळी झाली. या घटनेची नोंद मराठी मुद्रणाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

अक्षरे मोकळी झाली, तरी ती नीट दिसण्याची हमी नव्हती. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहितात, पण ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी आहेत. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘गुऱ्हाळ’ यांतला तो आडवा रफार हिंदीला लागत नाही, मराठीला रोज लागतो. हिंदीसाठी घडवलेल्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर टाकला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ व्हायचा. म्हणजे डोंगरातली दरी समुद्राला जाऊन मिळायची. शिवाय अक्षरे जुळवण्याचे काम करणारी आज्ञावली प्रत्येक ठिकाणी वेगळी होती. ग्नोम डेस्कटॉपमध्ये एक, केडीईमध्ये दुसरी, ब्राउझरमध्ये आणखी तिसरी. एका ठिकाणी बरोबर दिसणारे जोडाक्षर दुसरीकडे फुटे. ही अडचण खऱ्या अर्थाने सुटली ती २०१२च्या आसपास, जेव्हा ‘हार्फबझ’ हे एकच इंजिन बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरने स्वीकारले.

आता या कहाणीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा. रेड हॅटच्या मदतीने चालणाऱ्या फेडोरा या समाज-प्रकल्पाची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००३मध्ये आली होती. सुरुवातीला त्याचा गाभा कंपनीच्या आत तयार होई आणि बाहेरच्या स्वयंसेवकांची पॅकेजे ‘एक्स्ट्राज’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात असत. मे २००७मध्ये फेडोरा ७ आले तेव्हा ही भिंत पाडली गेली. कंपनीतला अभियंता असो की बाहेरचा विद्यार्थी, सगळ्यांची पॅकेजे ‘कोजी’ या एकाच सार्वजनिक यंत्रणेवर तयार होऊ लागली.

कोजी जे करते ते सांगायला सोपे आहे. पॅकेज तयार करायची विनंती आली की ती ‘मॉक’ या साधनाकरवी एक कोरी करकरीत जागा उभी करते. त्या जागेत स्पेक फाइलमध्ये लिहिलेल्या गोष्टी तेवढ्या आणून ठेवते, पॅकेज बांधते आणि मग ती जागा पुसून टाकते. या जागेची युक्ती जुनी आहे. १९७९च्या युनिक्समधली ‘सीएचरूट’ ही सोय एखाद्या प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डर म्हणजेच सगळी दुनिया आहे असे भासवते. पण तिचा असा वापर झाल्यावर एक मोठा फरक पडला. ‘माझ्या संगणकावर तर चालतंय’ हे उत्तर निरुपयोगी झाले. तुमच्या संगणकावर तीन वर्षांपूर्वी हाताने टाकलेली एखादी फाइल असेल, म्हणून चालत असेल. कोजीच्या कोऱ्या जागेत ती नसते. लिहायचे राहून गेलेले सगळे तिथे उघडे पडते आणि काम लाल अक्षरांत नापास होते. डोक्यातले ज्ञान कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, अशी ही व्यवस्था होती.

तिच्याबरोबर माणसांची छाननीही होती. नवे पॅकेज आणायचे तर दुसऱ्या कुणीतरी ते नियमांच्या लांबलचक यादीशी ताडून पाहायचे, आणि ही सगळी चर्चा उघड्यावर व्हायची. पुण्यातले पराग नेमाडे यांनी अशी शेकडो परीक्षणे केली; त्यांत फॉन्टची पॅकेजे पुष्कळ. तयार झालेले पॅकेज ‘बोधी’ नावाच्या यंत्रणेत चाचणीला जाई. पुरेशा लोकांनी ते वापरून ठीक आहे असे नोंदवले, किंवा ठरलेले दिवस तक्रारीशिवाय गेले, की ते जगभरच्या सर्व्हरवर आपोआप पसरे. जिस्ट कार्ड कचेरीत पोचवायला माणूस पाठवावा लागे. लोहितमधला एखादा रफार पुण्यात दुरुस्त झाला तर तो काही दिवसांत ब्राझीलमधल्या संगणकावरही दुरुस्त होई, आणि मध्ये कुणाला सीडी शोधावी लागत नसे.

नोव्हेंबर २०११मध्ये, ४ ते ६ तारखांना, फेडोराच्या वापरकर्त्यांचे आणि विकसकांचे संमेलन, म्हणजे ‘फडकॉन’, पुण्यात भरले. जागा होती शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीओईपी. पॅकेज कसे बांधायचे याच्या कार्यशाळेत विद्यार्थी आपापले लॅपटॉप घेऊन बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात लोहितचा परवाना जीपीएलवरून एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सवर नेण्यात आला. वरवर कायदेशीर वाटणारा हा बदल व्यवहारात मोठा ठरला. फॉन्ट वेबपानांत आणि दस्तऐवजांत निर्धास्तपणे घालता येऊ लागले. २०११ संपण्याआधीच विकिपीडियाने भारतीय भाषांसाठी वेबफॉन्टची सोय सुरू केली आणि तीत लोहित होते. ज्याच्या संगणकावर मराठी फॉन्टच नाही, त्यालाही मराठी विकिपीडिया वाचता येऊ लागला, कारण फॉन्ट पानाबरोबरच येत होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१२मध्ये, विकिमीडिया आणि रेड हॅट यांचे भाषा-अभियंते पुण्यात एकत्र बसले आणि फॉन्ट, कळफलक, भाषांतराची साधने यांवर त्यांनी मिळून काम केले.

त्यानंतर ‘लोहित २’चे काम हाती घेतले गेले. रेड हॅटच्या प्रवीण सातपुते यांच्या पुढाकाराने फॉन्टच्या आतले जोडाक्षरांचे नियम नव्याने लिहिले गेले. आधी हे नियम फॉन्ट संपादकाच्या खिडकीत माऊसने एकेक जोडून भरले जात. एक बदल केला की दुसरे काय मोडले हे कळायला पडद्यावर नजर फिरवत बसावे लागे. आता नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आले. पायथनची स्क्रिप्ट ते वाचून फॉन्ट तयार करू लागली. दुसरी स्क्रिप्ट शब्दांची यादी हार्फबझमधून फिरवून अपेक्षित उत्तराशी ताडून पाहू लागली. हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी यांसाठी आता वेगवेगळे फॉन्ट नव्हते, ‘लोहित देवनागरी’ हा एकच होता आणि मजकूर मराठी आहे असे कळताच तो फॉन्ट आपले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने दाखवी. बाळबोध वळणाचा आग्रह पिढ्यान्‌पिढ्या हस्ताक्षराच्या वहीत धरला गेला होता. तो आता यंत्राने तपासता येईल अशा ओळींत उतरला.

इकडे हे चालू असताना मार्च २०१३मध्ये अमेरिकेत, सांता क्लारा येथील पायकॉन परिषदेत, सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात ‘डॉकर’ दाखवले. त्याच्या मुळाशी असलेली तंत्रे नवी नव्हती. लिनक्सच्या गाभ्यात २००२पासून एकेक करून ‘नेमस्पेस’ आले होते, ज्यांमुळे प्रोग्रॅमला फायली, प्रक्रिया, नेटवर्क यांचे वेगळे जग दाखवता येते. २००८च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीत ‘सीग्रुप’ आले, ज्यांनी कुणी किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा याला मर्यादा घालता येते. डॉकरने या तुकड्यांना एक सोपी आज्ञा आणि एक छोटी मजकूर फाइल दिली. त्या फाइलमध्ये लिहायचे: अमुक पायावर सुरुवात कर, अमुक पॅकेजे बसव, माझा प्रोग्रॅम इथे ठेव, असा चालू कर. त्यातून एक ‘इमेज’ तयार होते. पुणे–मुंबई रस्त्यावर न्हावा-शेव्याकडे निघालेला लोखंडी कंटेनर जसा आतला माल न उघडता ट्रकवरून जहाजावर चढतो, तशी ही इमेज विकसकाच्या लॅपटॉपवरून सर्व्हरवर जाते आणि दोन्हीकडे तशीच चालते; म्हणूनच ती जिथे चालते त्या बंदिस्त जागेला ‘कंटेनर’ म्हणतात.

मॉकमध्ये पॅकेजे बांधण्यात ज्यांची वर्षे गेली होती त्यांना हे समजायला वेळ लागला नाही. कोरी जागा, लिहून दिलेली यादी, आपोआप बांधणी: हे सगळे त्यांच्या सवयीचे होते. पूर्वी ही कोरी जागा बांधणी झाल्यावर पुसली जाई. आता तीच जागा माल म्हणून रवाना होऊ लागली, एवढाच काय तो फरक.

जून २०१५चा शेवटचा आठवडा या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. २२ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत कंटेनरचे सामायिक मानक ठरवण्यासाठी ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ची घोषणा झाली, म्हणजे कंटेनर आता एका कंपनीची मालमत्ता राहणार नव्हता. त्याच आठवड्यात बॉस्टनमध्ये रेड हॅटने आपला ‘ओपनशिफ्ट ३’ हा मंच जाहीर केला, जो डॉकर आणि अनेक कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या गूगलच्या ‘कुबरनेटिस’वर नव्याने उभारला होता. आणि २६ ते २८ जून पुण्यात, कोथरूडच्या एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात, दुसरे पुणे फडकॉन भरले. कार्यक्रमपत्रिकेत आता कंटेनर, डॉकर आणि ‘ॲटॉमिक’ यांना मोठी जागा होती. २०११च्या संमेलनात विद्यार्थी पॅकेज बांधायला शिकत होते. चार वर्षांनी त्यांच्या पुढची तुकडी इमेज बांधायला शिकत होती.

ॲटॉमिक म्हणजे कंटेनर चालवण्यापुरतेच ठेवलेले हलके लिनक्स. फेडोराने २०१५च्या अखेरीस त्याची नवी इमेज दर दोन आठवड्यांनी द्यायला सुरुवात केली. एवढ्या वेगाने माणसांनी तपासणे शक्य नव्हते. म्हणून फेडोराच्या कुशल दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टुनिर’ आणि ‘ऑटोक्लाउड’ ही साधने लिहिली. इमेज तयार झाली की ती आपोआप सुरू करून पाहायची, चाचण्या चालवायच्या, उत्तीर्ण झाली तरच पुढे पाठवायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेड हॅटने ‘ॲन्सिबल’ विकत घेतले. शेकडो सर्व्हरवर काय असायला हवे ते एका फाइलमध्ये लिहून द्यायचे आणि साधनाने ते तसे करून ठेवायचे, हे त्याचे काम. हिंजवडी, खराडी, बाणेर इथल्या कंपन्यांत शनिवारच्या रात्री जागून, छापील यादीवर खुणा करत नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याची जी पद्धत होती, ती अशा साधनांनी हळूहळू मागे पडली. ते जागरण ज्यांनी केले आहे त्यांना या बदलाचे मोल सांगावे लागणार नाही.

मराठीपुरते मात्र कंटेनरने एक जुने दुखणे पुन्हा वर काढले. इमेज जितकी लहान तितकी ती लवकर पोचते, म्हणून पायाच्या इमेजमधून ‘अनावश्यक’ ते सगळे काढले जाते. इंग्रजीत काम करणाऱ्याला भारतीय फॉन्ट अनावश्यकच वाटणार. मग एखाद्या संस्थेचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बसतो, मराठीत प्रमाणपत्र किंवा पावती तयार करतो, आणि पीडीएफ उघडली की नावाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. विकसकाच्या लॅपटॉपवर सगळे ठीक असते, कारण तिथे फॉन्ट आहेत. कंटेनरमध्ये ते नाहीत, कारण ते हवेत असे कुणी लिहिलेच नाही. उपाय एका ओळीचा आहे: बांधणीच्या फाइलमध्ये फेडोरासाठी ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ किंवा डेबियनसाठी ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ या पॅकेजांची नावे लिहायची. ही ओळ एवढी छोटी आहे, कारण तिच्या मागे दहा-बारा वर्षांचे पॅकेजबांधणीचे काम उभे आहे. ते झाले नसते तर कंटेनरच्या जमान्यातही आपण फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फिरलो असतो.

आकाराचा हा ताण दुसरीकडेही जाणवत होता. तारीख, अक्षरक्रम, चलन यांचे भाषावार नियम ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीत असतात. पूर्वी फेडोरात जगातल्या सगळ्या भाषांचे नियम एकाच गठ्ठ्यात येत. जून २०१६मध्ये आलेल्या फेडोरा २४मध्ये हा गठ्ठा भाषावार फोडला. मराठी हवी त्याने मराठीचे छोटे पॅकेज घ्यायचे. त्याच आवृत्तीत पराग नेमाडे यांनी मांडलेला आणखी एक बदल आला: ‘लँगपॅक्स-एमआर’ एवढे एक पॅकेज मागितले की तुमच्याकडे जे काही आधीच बसवलेले आहे, त्या प्रत्येकाचा मराठी भाग, म्हणजे भाषांतर, शब्दकोश, फॉन्ट, आपोआप ओढून आणला जातो. नंतर एखादे नवे सॉफ्टवेअर बसवले तर त्याचा मराठी भागही मागून येतो. कोणत्या सॉफ्टवेअरला कोणता मराठी तुकडा लागतो याची आठवण आता माणसाने ठेवायची नव्हती. ती पॅकेजांनी ठेवायची.

या सगळ्याचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू पाहायला हव्यात. पुण्यात तयार झालेली ही माणसे पुढे पॅकेजांकडून कंटेनरकडे, तिथून कुबरनेटिसकडे गेली आणि शहराच्या उद्योगात या कामाचा एक पक्का थर बसला. सी-डॅकने २०२०मध्ये पुण्यात ‘परम सिद्धी-एआय’ उभारला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांत ६३वा होता, आणि तिथे संशोधक आपले सॉफ्टवेअर कंटेनरमधून चालवतात. दुसऱ्या बाजूला, काम जितके आपोआप होऊ लागले तितके ते कुणीतरी सांभाळते आहे हे दिसेनासे झाले. फॉन्टची दुरुस्ती करणारे, भाषांतर ताजे ठेवणारे हात नेहमीच थोडे होते. यंत्र नापास झालेली चाचणी दाखवते, पण ‘गुऱ्हाळ’ हा शब्द चाचणीच्या यादीत असायला हवा हे त्याला सुचत नाही. ते मराठी जाणणाऱ्यानेच सुचवायचे असते, आणि अशा माणसांसाठी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी किंवा सरकारने कायमची म्हणावी अशी जागा आजवर केलेली नाही. माझी या इतिहासातली सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

आणि जुने ओझे अजून उतरलेले नाही. १९९० ते २०१०च्या दरम्यान जुळवलेली असंख्य मराठी पुस्तके, दिवाळी अंक, सरकारी कागद आजही कंपन्यांच्या खासगी संकेतांत अडकून आहेत. ते युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक आहेत, पण रूपांतर झाल्यावर माणसाला प्रत्येक पान वाचावे लागते. हे काम स्क्रिप्टने अर्धेच होते. ते जितके लांबेल तितके जुने सॉफ्टवेअर, त्याचे लॉक आणि ते चालवू शकणारे संगणक दुर्मिळ होत जाणार आहेत.

मे २०२२मध्ये फेडोरा ३६ आले तेव्हा बहुतेक भाषांसाठी गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टना प्रथम पसंती देण्यात आली. लोहितच्या जागी आता नवी अक्षरे दिसू लागली. लोहित मात्र फेडोरा आणि डेबियनच्या भांडारांत आहेच. त्याचे नियम, स्क्रिप्ट आणि चाचणीच्या याद्या कुणालाही उतरवून घेता येतात, आणि मराठीचा नवा फॉन्ट घडवणाऱ्याला त्यांपासून सुरुवात करता येते.